ल्युसिफरेज इमेजिंग: पिंजरा उचलण्यापासून आकडा लिहिण्यापर्यंत

औषध उंदरातल्या गाठीवर काम करतंय का हे पाहण्यासाठी बायोल्युमिनेसन्स इमेजिंग, म्हणजे पेशींतून निघणाऱ्या प्रकाशाचं चित्र घेणं, आता पुण्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळांच्या आवाक्यात आलं आहे. पाषाण-गणेशखिंड पट्ट्यातल्या संस्था असोत किंवा हिंजवडी-भोसरीकडच्या कंपन्या, आमच्याकडे इमेजिंगसाठी येणारे विद्यार्थी आणि संशोधक बहुधा एकाच अवस्थेत येतात: उंदीर तयार, गाठी वाढलेल्या, औषध हातात, आणि ‘उद्या स्लॉट मिळेल का?’ हा प्रश्न. चित्रं सुंदर निघतात, पण आकडे उभे राहत नाहीत. चूक कॅमेऱ्यात क्वचितच असते. ती त्याआधीच्या तीन आठवड्यांत आणि इंजेक्शननंतरच्या पंधरा मिनिटांत होते. म्हणून हा लेख त्याच दोन जागांवर जास्त रेंगाळणार आहे.

उदाहरण म्हणून एकच अभ्यास धरू या. बाल्ब-सी जातीच्या मादी उंदरांच्या स्तनातल्या चरबीत टोचलेल्या, ल्युसिफरेज (प्रकाश निर्माण करणारं एन्झाइम) असलेल्या फोर-टी-वन (उंदराच्या स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशी, एक व्हेइकल गट (औषधाशिवाय नुसतं द्रावक), औषधाच्या तीन मात्रा, प्रत्येक गटात ८ म्हणजे एकूण ३२ उंदीर, आठवड्यातून दोनदा इमेजिंग, चार आठवडे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कॅमेऱ्याला गाठ दिसत नाही, त्याला बाहेर पडलेला प्रकाश दिसतो. तो प्रकाश निर्माण व्हायला पेशीत ल्युसिफरेज, बाहेरून दिलेलं ल्युसिफेरिन (ज्यावर ते एन्झाइम काम करतं), एटीपी (पेशीचं ऊर्जेचं रसायन), मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन हे सगळं एका वेळी हजर असावं लागतं. यातलं काहीही कमीजास्त झालं तर आकडा बदलतो, गाठ तेवढीच असली तरी. पुढचा प्रत्येक टप्पा या एका वाक्यातून निघतो.

टप्पा १: परवानग्या आणि कॅलेंडर

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, म्हणजे आयएईसीची, मंजुरी फॉर्म बी वर घ्यावी लागते. १९९८ च्या नियमांनुसार संस्था सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे, नोंदलेली असावी लागते आणि उंदीरही नोंदणीकृत ठिकाणाहूनच यावे लागतात. हे सगळ्यांना माहीत असतं. अर्जात जे लिहायचं राहून जातं ते असं:

- प्रत्येक उंदराला एकूण किती वेळा भूल दिली जाणार (आपल्या उदाहरणात ८ वेळा, पहिली चाचणी-फेरी वेगळी).
- इंजेक्शन फसलं तर ते पुन्हा द्यायची परवानगी, आणि किती वेळा.
- ल्युसिफेरिनच्या वक्रासाठी (वेळेनुसार सिग्नल कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख, टप्पा ५) लागणारे वेगळे उंदीर.
- कोणत्या खुणेवर उंदीर अभ्यासातून काढून वेदनारहित मृत्यू द्यायचा: वजनात २० टक्के घट, गाठीवर जखम, चालता न येणं. ही खूण चित्रातल्या रंगावर ठरवायची नाही, उंदराकडे पाहून ठरवायची.

ल्युसिफरेजचं जनुक बाहेरून घातलेल्या पेशी म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पेशी. त्यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी लागते. पेशी दुसऱ्या प्रयोगशाळेतून ‘मैत्रीत’ आल्या असतील तरी लागते.

यंत्र दुसऱ्या संस्थेत असेल तर दोन्हीकडच्या मंजुऱ्या हव्यात, आणि एक व्यवहाराचा प्रश्न आधी सोडवायला हवा: निर्जंतुक बॅरिअरमधून बाहेर गेलेला उंदीर पुन्हा आत घेतला जात नाही. भोसरीहून गणेशखिंडीला आठवड्यातून दोनदा पिंजरे नेऊन आणायचे, ही कल्पना कागदावर बरी दिसते. प्रत्यक्षात उंदीर संध्याकाळच्या गर्दीत गाडीत तासभर हादरे खातात आणि तो ताण वजनात आणि आकड्यात दिसतो. शक्य असेल तर पूर्ण अभ्यास यंत्र जिथे आहे तिथेच करा.

आता कॅलेंडर उघडा आणि २८ दिवस मोजा. पुण्यात वीज आणि पाण्याची देखभालीची कामं बऱ्याच भागांत गुरुवारी काढतात, त्यामुळे इमेजिंगचे दिवस सोमवार-गुरुवार ठेवू नका, मंगळवार-शुक्रवार ठेवा. गणपती आणि दिवाळी मधे येते का पाहा. विसर्जनाच्या दिवशी पेठांतला माणूस सकाळी आठला प्रयोगशाळेत पोहोचेल हे गृहीत धरू नका.

> तपासा: मंजुरीपत्रातली उंदरांची संख्या, जात आणि लिंग तुमच्या योजनेशी अक्षरशः जुळतं का? वक्रासाठीचे आणि राखीव उंदीर त्यात आहेत का?

टप्पा २: पेशी

गोठवलेली व्हायल काढली, वाढवली, टोचली, हा क्रम चुकीचा आहे. मधे तीन कामं आहेत.

पहिलं, मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची) चाचणी. बाधित पेशी टोचल्या तर तुमचा अभ्यास तर जातोच, शिवाय शेजारच्या रॅकवरच्या लोकांचे उंदीरही धोक्यात येतात.

दुसरं, प्रकाश खरंच पेशींच्या संख्येच्या प्रमाणात आहे का ते पाहणं. काळ्या भिंतीच्या ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये पेशींची निम्मी-निम्मी होत जाणारी मालिका लावा, ल्युसिफेरिन १५० मायक्रोग्रॅम प्रति मिली घाला आणि इमेज घ्या. संख्या आणि प्रकाश यांची रेषा सरळ आली पाहिजे. प्रति पेशी किती फोटॉन मिळतात तो आकडा वहीत लिहून ठेवा. अभ्यासाच्या शेवटी त्याची गरज पडते. निवडीचं प्रतिजैविक (घातलेलं जनुक असलेल्या पेशींनाच जगू देणारं) काढल्यावर दोन-तीन आठवडे पेशी वाढवून हीच चाचणी पुन्हा करा. उंदराच्या अंगात ते प्रतिजैविक नसतं. तिथे पेशी जनुक गप्प करू लागल्या तर गाठ वाढेल आणि सिग्नल घटेल, आणि तुम्ही ते श्रेय औषधाला द्याल.

तिसरं काम हल्ली जवळजवळ कोणी करत नाही, आणि माझ्या मते पूर्ण अभ्यासातलं सर्वांत स्वस्त संरक्षण तेच आहे: तुमचं औषध ल्युसिफरेजलाच अडवतं का हे प्लेटमध्ये पाहणं. पेशींना औषध देऊन फक्त अर्धा तास थांबा, मग ल्युसिफेरिन घालून मोजा. अर्ध्या तासात पेशी मरत नाहीत. तरीही प्रकाश घटला असेल तर औषध एन्झाइमवर बसतंय. अनेक लहान रेणू हे करतात. उलट दिशेनेही फसगत होते. ल्युसिफेरिनला पेशीबाहेर फेकणारा एबीसीजी-टू नावाचा पंप असतो. औषधाने तो बंद केला तर ल्युसिफेरिन आत साचतं, सिग्नल वाढतो आणि चांगलं औषध गाठ वाढवणारं वाटू लागतं.

टोचायच्या दिवशी ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) मोजलेल्या जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर हव्यात. त्या दोनदा धुऊन, सीरम काढून, बर्फावर ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासात टोचून संपवा. ३२ उंदरांना एकच माणूस टोचत असेल तर शेवटच्या उंदराला पहिल्याच्या मानाने थकलेल्या पेशी मिळतात. म्हणून दोन बॅचमध्ये पेशी उचला, आणि सिरिंज भरण्याआधी नळी दर वेळी हलक्या हाताने उलटीसुलटी करा. पेशी तळाशी बसतात.

टप्पा ३: ल्युसिफेरिन

मात्रा १५० मिलिग्रॅम प्रति किलो. द्रावण १५ मिलिग्रॅम प्रति मिली. म्हणजे वजनाच्या प्रत्येक ग्रॅमला १० मायक्रोलिटर, आणि २० ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर, त्यात ३ मिलिग्रॅम. हिशेब करा: ३२ उंदीर, इमेजिंगचे ८ दिवस, ३ मिलिग्रॅम, एकूण ७६८ मिलिग्रॅम. सुईत राहणारं, सांडणारं, वक्रासाठीचं आणि पुन्हा द्यावं लागणारं धरून सव्वा ग्रॅम तरी मागवा, आणि एकाच लॉटचं मागवा. अभ्यासाच्या मध्यात लॉट बदलला की दोन अर्ध्यांची तुलना संपली.

मागवताना पोटॅशियम किंवा सोडियम सॉल्ट असं स्पष्ट लिहा. नुसतं आम्लरूप स्वस्त दिसतं म्हणून खरेदी विभाग ते घेतो आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही.

बनवण्याची पद्धत साधी आहे, पण पुण्याच्या पावसाळ्यात एक चूक हमखास होते. उणे २० अंशांतून काढलेली बाटली जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लगेच उघडली की आत दव धरतं आणि पावडर ओली होते. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या डीपीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) विरघळवा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, एका दिवसाला लागेल तेवढ्या मापाचे भाग करा, फॉइल गुंडाळून गोठवा. उरलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही, फेकायचा. महाग आहे हे खरं, पण अर्धवट बिघडलेल्या ल्युसिफेरिनने मिळवलेला आकडा त्याहून महाग पडतो.

> इशारा: इंजेक्शनच्या दिवशी विरघळवलेली नळी उघड्या दिव्याखाली हुडमध्ये ठेवू नका. फॉइलमध्ये, बर्फावर ठेवा आणि देण्याआधी सिरिंज हाताच्या उबेवर येऊ द्या.

टप्पा ४: उंदीर आणि खोली

आल्यावर किमान ७ दिवस उंदरांना काहीही करू नका. त्या काळात त्यांना हातांची सवय लावा. शेपटीला धरून उचललेला, घाबरलेला उंदीर आणि हातात शांत बसणारा उंदीर यांच्या रक्ताभिसरणात फरक असतो, आणि ल्युसिफेरिन रक्तानेच पोहोचतं.

पांढऱ्या बाल्ब-सीवर काम सोपं आहे, तरी छाती-पोटावरचे केस काढलेले बरे. सी-५७ ब्लॅक-६ घेणार असाल तर केस काढणं सक्तीचं. काळा केस आणि कातडीतलं रंगद्रव्य दोन्ही प्रकाश गिळतात, आणि केस उगवण्याच्या चक्रात कातडी ठिकठिकाणी काळवंडते. ट्रिमरने केस काढा, मग क्रीम एखादं मिनिट लावून कोमट पाण्याने पूर्ण पुसा. हे इमेजिंगच्या आदल्या दिवशी करा. त्याच सकाळी केलं तर लाल झालेली कातडी आणि गारठलेला उंदीर घेऊन तुम्ही यंत्रासमोर उभे राहता.

गारठ्याचा मुद्दा पुण्यात खरा आहे. डिसेंबर-जानेवारीत पाषाणसारख्या भागात सकाळी पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली असतो आणि बऱ्याच संस्थांत अ‍ॅनिमल हाउसपासून इमेजिंगच्या खोलीपर्यंतचा रस्ता उघड्या व्हरांड्यातून जातो. त्या पाच मिनिटांत उंदराच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात. पिंजऱ्यावर जाड कापड टाका आणि खोलीत पोहोचल्यावर अर्धा तास थांबा. उन्हाळ्यात उलट करा: सकाळी लवकर न्या.

फ्लुरोसन्सवर (बाहेरून प्रकाश टाकून चमक पाहण्यावर) काम असेल तर खाद्यही बदलावं लागतं. साध्या खाद्यातल्या अल्फाल्फामधलं क्लोरोफिल लाल पट्ट्यात चमकतं आणि पोटाचा भाग उजळून निघतो. अल्फाल्फा नसलेलं शुद्धीकृत खाद्य अभ्यासाआधी दोन आठवडे सुरू करा. बायोल्युमिनेसन्सला हे लागत नाही, आणि या लेखात फ्लुरोसन्सबद्दल एवढंच.

टप्पा ५: वक्र आधी, अभ्यास नंतर

‘दहा मिनिटांनी फोटो काढा, सगळे तसंच करतात’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता वक्र दाखवल्याशिवाय आम्ही स्लॉट देत नाही.

पोटात दिलेलं ल्युसिफेरिन हळूहळू रक्तात येतं. सिग्नल चढतो, काही मिनिटं सपाट राहतो, उतरतो. सपाट भाग बहुधा १० ते २० मिनिटांच्या दरम्यान कुठेतरी येतो, पण नेमका कुठे ते गाठीची जागा, उंदराची जात, भूल आणि शरीराचं तापमान यांवर ठरतं. कातडीखालच्या गाठीचं आणि फुप्फुसातल्या गाठीचं शिखर एकाच मिनिटाला येईल असं नाही.

पद्धत अशी:

१. गाठ असलेले ३ ते ५ उंदीर घ्या, अभ्यासातले नकोत.
२. ल्युसिफेरिन द्या, घड्याळ सुरू करा.
३. भूल देऊन ५ व्या मिनिटापासून ४० व्या मिनिटापर्यंत दर दोन मिनिटांनी इमेज घ्या.
४. प्रत्येक उंदराचा आलेख वेगळा काढा. सरासरी काढू नका. सरासरीत सपाट भाग खोटा दिसतो.
५. सगळ्यांचा सिग्नल शिखराच्या ९० टक्क्यांच्या वर आहे अशी वेळेची चौकट शोधा. तीच तुमची चौकट.

हे काम गाठी लहान असताना एकदा आणि मोठ्या झाल्यावर पुन्हा करा. मोठ्या गाठीचा मधला भाग रक्ताविना मरतो, ल्युसिफेरिन आत उशिरा झिरपतं, शिखर सरकतं. आणि तुमचं औषध रक्तवाहिन्यांवर काम करणारं असेल तर औषध दिलेल्या उंदरांचा वक्रही वेगळा काढणं भाग आहे. रक्तपुरवठा घटला की ल्युसिफेरिन कमी पोहोचतं. गाठीतल्या पेशी जिवंत असूनही अंधारात राहतात.

टप्पा ६: गट पाडणं

गाठी टोचल्यावर औषधाच्या पहिल्या डोसआधी सगळ्यांची इमेज घ्या. खूप कमी आणि खूप जास्त सिग्नलवाले उंदीर कोणत्या मर्यादेपलीकडे वगळायचे ते आकडे पाहण्याआधी लिहून ठेवा. उरलेल्यांचे आकडे लॉगमध्ये बदला, उतरत्या क्रमाने लावा, वरून चार-चारांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यातून चिठ्ठीने एकेक उंदीर प्रत्येक गटात टाका.

लॉग यासाठी की हे आकडे दहापट-शंभरपट पसरलेले असतात. साधी सरासरी घेतली तर एकच तेजस्वी उंदीर पूर्ण गट खांद्यावर उचलतो.

गटांना रंगाची किंवा अक्षराची सांकेतिक नावं द्या. आरओआय, म्हणजे चित्रावर मोजणीची चौकट, काढणाऱ्या माणसाला गट माहीत नसावा.

टप्पा ७: इमेजिंगचा दिवस

इथे क्रम पाळा. मी तो तासाभराच्या मापात सांगते.

*यंत्र.* सकाळी पहिलं काम कॅमेऱ्याचं तापमान पाहणं. थंड सीसीडी (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा संवेदक) उणे ९० अंशांवर स्थिरावल्याशिवाय इमेज घ्यायची नाही. रात्री वीज गेली आणि यूपीएसने दम सोडला तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असतानाही पार्श्वभूमीचा नॉइज (खोटा सिग्नल) वाढलेला असतो. रिकाम्या कक्षाची पाच मिनिटांची इमेज घेऊन ती मागच्या आठवड्याच्या इमेजशी जुळवा. उंदीर ठेवायचा पाटा ३७ अंशांवर आहे ना, हात लावून पाहा.

*कागद.* उंदराखाली काळा कागद ठेवतात. कुठलाही काळा कागद चालत नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेला कार्डपेपर चांगला दिसला तरी आधी उजेडात ठेवून लगेच रिकामा कक्षात घाला आणि इमेज घ्या. काही कागद, बहुतेक रंगीत चिकटपट्ट्या आणि काही मार्कर उजेड पिऊन अंधारात तो हळूहळू सोडतात. तो ठिपका गाठीच्या शेजारी आला की उपकेंद्र (मूळ गाठीपासून पसरलेली नवी गाठ) सापडल्याचा आनंद होतो, आणि तो खोटा असतो. लघवी झाली तर कागद लगेच बदला.

*भूल.* आयसोफ्ल्युरेन, ऑक्सिजनसोबत: पेटीत ३ ते ४ टक्के, नाकाशी १.५ ते २ टक्के. चार्कोलच्या डब्याचं वजन सुरुवातीला करून वर लिहा. ५० ग्रॅमने वाढलं की डबा बदला, नाहीतर वायू तुम्ही हुंगता. डोळ्यांना मलम लावा. अभ्यासाच्या मधे भूल बदलू नका. केटामिनवर काढलेला आकडा आणि आयसोफ्ल्युरेनवर काढलेला आकडा एका आलेखावर ठेवता येत नाही.

*क्रम.* एका फेरीत ५ उंदीर बसतात म्हणून लोक गटागटाने उंदीर आणतात: आधी व्हेइकल, मग कमी मात्रा, मग मधली, शेवटी जास्त. याचा परिणाम आमच्याच एका अभ्यासात मी पाहिला आहे. व्हेइकलची फेरी दहाला होत असे, जास्त मात्रेची साडेबाराच्या पुढे. ल्युसिफेरिनची नळी सकाळी एकदाच विरघळवून ठेवलेली, मधे कधीतरी बर्फ वितळलेला, नळी टेबलावर. तीन आठवडे मात्रेनुसार उतरत जाणारा देखणा आलेख मिळाला. कॅलिपरने मोजलेल्या गाठी मात्र चारही गटांत सारख्याच होत्या. चौथ्या आठवड्यात क्रम उलटा केला, आणि आलेखही उलटा झाला. ३२ उंदीर गेले. त्या उंदरांचं आयुष्य एका चुकीच्या क्रमात गेलं याची खंत मला आजही आहे, आणि हा लेख लिहिण्याचं ते एक मोठं कारण आहे.

म्हणून प्रत्येक फेरीत प्रत्येक गटाचा निदान एक उंदीर, आणि फेरीतल्या जागाही दर वेळी बदलत्या.

*इंजेक्शन.* त्या सकाळचं वजन करा, मागच्या आठवड्याचं वापरू नका. उंदीर मानेच्या कातडीला धरून उताणा करा, डोकं थोडं खाली, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात. उंदराच्या उजव्या बाजूला, खालच्या चौथाईत, २७ गेजची सुई पोटाशी तिरकी घाला. कातडी एकदा टोचल्याचं जाणवतं, मग पोटाची भिंत ओलांडताना दुसरा बारीक झटका जाणवतो. दट्ट्या किंचित मागे ओढा. हिरवट-तपकिरी काही आलं तर सुई आतड्यात आहे. काढा, सिरिंज फेका, नोंद करा. काही आलं नाही तर सावकाश ढकला. कातडीखाली टेंगूळ आलं तर ल्युसिफेरिन पोटात गेलंच नाही.

नवख्या हाताने हे आधी सलाईनवर शिकावं, अभ्यासातल्या उंदरावर नाही. आणि सगळ्या फेऱ्यांना इंजेक्शन एकाच माणसाने द्यावं.

*घड्याळ.* दोन माणसं लागतात. एक टोचतो, दुसरा प्रत्येक उंदराची वेळ सेकंदासह लिहितो. दर उंदरामागे ३० सेकंद. पाचव्याला दिलं की पेटीत. पहिल्या उंदराच्या आठव्या-नवव्या मिनिटाला सगळे पाट्यावर, नाक भुलीच्या नळीच्या शंकूत, आणि मधे काळे पडदे. पडदे विसरू नका: तेजस्वी उंदराचा उजेड शेजाऱ्याच्या अंगावर परावर्तित होतो आणि बरा झालेला उंदीर आजारी दिसतो.

*इमेज.* तुमच्या वक्राच्या चौकटीत दोन इमेज घ्या, पाच मिनिटांच्या अंतराने. दोन्ही जवळपास सारख्या आल्या तर इंजेक्शन ठीक. एखाद्या उंदराचा आकडा मागच्या वेळच्या दशांशावर आला किंवा दुसऱ्या इमेजमध्ये अजून चढतोच आहे, तर इंजेक्शन फसल्याचा संशय धरा. त्याला दुसऱ्या दिवशी, मंजुरी असेल तर, पुन्हा द्या. ‘औषधाने गाठ विरघळली’ असं त्या क्षणी कोणीही म्हणू नये.

सर्वाधिक काउंट (कॅमेऱ्याचा कच्चा आकडा) ६०० ते ६०,००० च्या मधे ठेवा. १६ बिटांच्या कॅमेऱ्याचं माप ६५,५३५ वर संपतं. त्यापुढचा प्रकाश मोजलाच जात नाही. संपृक्त झालेली इमेज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने वाचत नाही, म्हणून उंदीर कक्षातून काढण्याआधी हे पाहा. तेजस्वी आणि मंद उंदीर एकाच फेरीत असतील तर दोन एक्स्पोजर घ्या, एक आखूड, एक लांब.

उताणी आणि पालथी, दोन्ही बाजूंनी पाहायचं असेल तर दर वेळी तोच क्रम. ऊती प्रकाश खूप गिळतात. ठोकळ हिशेब असा की प्रत्येक सेंटिमीटरला तो दशांशावर येतो. फुप्फुसातलं लहान उपकेंद्र छातीकडून दिसतं, पाठीकडून हरवतं.

*नंतर.* उंदीर उबदार पिंजऱ्यात, चालायला लागेपर्यंत डोळ्यांसमोर. त्या दिवशीचा औषधाचा डोस इमेजिंगनंतर द्या. औषधही पोटात देत असाल तर आधी दिलेलं द्रव ल्युसिफेरिनचं शोषण बदलतं.

> तपासा, फेरी संपण्याआधी: संपृक्त पिक्सेल नाहीत? दोन्ही इमेज जुळल्या? उंदरांचे क्रमांक फाइलमध्ये डावीकडून उजवीकडे लिहिले? फाइलच्या नावात वार, दिवस-क्रमांक, फेरी?

टप्पा ८: मोजणी

काउंट वापरू नका. काउंट एक्स्पोजर, बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणं) आणि झरोक्याच्या मापासोबत बदलतात. फोटॉन प्रति सेकंदात एकूण प्रवाह घ्या.

आरओआय म्हणजे मोजणीची चौकट. ती सगळ्या उंदरांवर, सगळ्या दिवशी एकाच मापाची ठेवा. गाठीच्या कडेकडेने हाताने काढलेली चौकट डोळ्यांना पटते, पण कडा रंगपट्टीवर ठरते, आणि रंगपट्टी तुम्ही हलवलेली असते. गाठ नसलेल्या, ल्युसिफेरिन दिलेल्या उंदरावर तीच चौकट ठेवून पार्श्वभूमी काढा आणि वजा करा.

चित्रं दाखवताना सगळ्यांना एकच रंगपट्टी, तोच किमान, तोच कमाल. प्रत्येक चित्राला आपोआप ठरणारी पट्टी सोडली तर मंद उंदीरही लालभडक दिसतो.

बाल्ब-सीची प्रतिकारशक्ती शाबूत असते आणि ल्युसिफरेज तिला परकं वाटू शकतं. व्हेइकल गटातही सिग्नल आपोआप घटताना दिसला तर आधी हाच संशय घ्या. प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध असेल तर हा मुद्दा अधिकच गंभीर: औषधाने गाठीविरुद्ध प्रतिकार वाढवला की फक्त ल्युसिफरेजविरुद्ध, हे सिग्नलवरून कळत नाही.

टप्पा ९: प्रकाशाला साक्षीदार

आठवड्यातून दोनदा कॅलिपरने गाठ मोजा. सिग्नल आणि आकारमान एकत्र आलेखावर ठेवा. दोन्ही घटले तर विश्वास ठेवायला हरकत नाही. आकार वाढतोय आणि सिग्नल घटतोय, तर गाठीचा मध्य मेला आहे, ऑक्सिजन संपला आहे, जनुक गप्प झालं आहे किंवा औषध एन्झाइमला अडवतंय. टप्पा २ मधली प्लेट इथे उत्तर देते.

शेवटच्या दिवशी ल्युसिफेरिन द्या, १० मिनिटांनी वेदनारहित मृत्यू द्या आणि फुप्फुस, यकृत, लसिकाग्रंथी झपाट्याने काढून ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिली ल्युसिफेरिन असलेल्या खळ्यांत ठेवा. पहिल्या अवयवापासून इमेजपर्यंत १५ मिनिटांच्या आत. एटीपी संपत जातं, आणि उशिरा काढलेला अवयव नेहमी मंद दिसतो. म्हणून अवयव काढण्याचा क्रम सगळ्या उंदरांत सारखा ठेवा. मग तेच अवयव फॉर्मलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला द्या. इमेजमध्ये उजळलेल्या प्रत्येक जागेसमोर काचेवर पेशी दिसल्या की नाही, हे रकान्यात हो किंवा नाही असं लिहा.

टप्पा १०: फाइली

प्रायोजकाला किंवा मार्गदर्शकांना रंगीत जेपीजी पाठवून काम संपत नाही. मूळ फाइल, तिच्यासोबतची सेटिंगची फाइल, इंजेक्शनच्या सेकंदांचा तक्ता, फसलेल्या इंजेक्शनांची यादी आणि वगळलेल्या उंदरांची कारणं एका फोल्डरमध्ये, दोन जागी. वहीतली पानं त्याच संध्याकाळी स्कॅन करा. बेडिंगच्या धुळीत आणि ओल्या हातमोज्यांत शाई पसरते. फॉर्म डी मधली उंदरांची नोंद त्याच दिवशी भरा आणि जुळवा: आलेले, वापरलेले, मेलेले, उरलेले. चारही रकान्यांचा मेळ बसला नाही तर पुढच्या गटाचे उंदीर मागवू नका.